साल ते सलाइन

भारतवारीहून परतलेल्या मराठी माणसाची बॅग उघडली, की भाजणी, मेतकूट आणि दिवाळी अंकांच्या खाली एखादी तरी औषधाची पुडी सापडतेच. सासूबाईंनी दिलेले अर्जुनसालीचे चूर्ण, मामांनी आग्रहाने कोंबलेली कुटजारिष्टाची बाटली, नाही तर कुणा वैद्यांचा, नाव नसलेला काढा. कस्टम्सच्या माणसाला हे नेमके काय आहे ते इंग्रजीत समजावताना आपली जी तारांबळ उडते, तो एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे!

ह्या पुड्यांवरून मंडळाच्या कार्यक्रमांत, जेवणाच्या रांगेत उभे असताना, हमखास दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "आपल्या पूर्वजांनी हे सगळं आधीच शोधून ठेवलंय, आणि झाडापासूनचं आहे म्हणजे अपाय तर होणारच नाही." दुसरा म्हणतो, "झाडपाला उकळून पिऊन कुठे रोग बरे होतात का? सगळं थोतांड!" श्रीखंड संपते, पण वाद संपत नाही.

मी डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही. पेशाने इंजिनियर. आम्हा लोकांची खोड अशी, की दावा बाजूला ठेवायचा आणि विचारायचे, 'आत किती घातले, बाहेर किती आले आणि मोजले कुणी?' म्हणून ह्या लेखात वाद न घालता एकाच झाडाची साल घ्यायची आणि जंगलापासून इस्पितळातल्या सलाइनच्या बाटलीपर्यंत तिचा माग काढायचा, असे ठरवले आहे. झाड आपल्याकडचे नाही, इथले अमेरिकेचेच आहे. पण त्याच्या गोष्टीत एक नंदुरबारचा माणूस आहे, आणि शेवटी ही गोष्ट आपल्या सह्याद्रीतही जाते.

एका ताईंचा प्रश्न

आमच्या ओळखीतल्या एका ताईंना काही वर्षांपूर्वी अंडाशयाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झाले, केमोथेरपी ठरली. लगेच भारतातून फोन सुरू झाले. "केमो म्हणजे शुद्ध विष. ते घेऊ नकोस. आम्ही एका झाडाच्या सालीचा काढा पाठवतो." ताई घाबरल्या. कुणाचे ऐकावे कळेना. त्यांच्या केमोच्या बाटलीवर 'पॅक्लिटॅक्सेल' असे नाव होते. "हे कशापासून करतात हो?" असे त्यांनी मला विचारले. मी शोधले, आणि उत्तर सांगितले तेव्हा त्या क्षणभर पाहतच राहिल्या. कारण हे 'शुद्ध विष' मुळात सापडले होते ते एका झाडाच्या सालीतच!

पॅक्लिटॅक्सेल, म्हणजे पूर्वीचे टॅक्सॉल, हे औषध पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीत सापडले. म्हणजे ताईंपुढची निवड 'साल की केमिकल' अशी नव्हतीच. दोन्हीकडे साल होती. एकीकडे कुणीही न मोजलेली, दुसरीकडे तीस वर्षे मोजलेली.

तसे सालीतून औषध काढणे नवे नाही. हिवतापावरचे क्विनाइन सिंकोनाच्या सालीतून पेल्तिए आणि काव्हाँतू ह्या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८२० मध्ये वेगळे केले. विलोच्या सालीतल्या सॅलिसिनपासून सुरू झालेली वाट पुढे ॲस्पिरिनपर्यंत आली. परंतु यूची गोष्ट अलीकडची आहे आणि तिचा टप्प्याटप्प्याचा हिशेब उपलब्ध आहे.

जंगलातली पिशवी

१९६० मध्ये अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने (हिला आपण एनसीआय म्हणू) शेतीखात्याच्या मदतीने एक मोठी मोहीम काढली. दिसेल ती वनस्पती गोळा करायची, तिचा अर्क काढायचा आणि कॅन्सरच्या पेशींवर टाकून बघायचा. ह्या मोहिमेत आर्थर बार्कली नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. २१ ऑगस्ट १९६२ रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या गिफर्ड पिंचो राष्ट्रीय वनात त्यांनी पॅसिफिक यूची साल, डहाळ्या, पाने आणि फळे पिशव्यांत भरली. कुणा जाणत्याने सांगितले म्हणून नव्हे. यादीतले ते आणखी एक झाड होते, इतकेच. लाकूडतोडे तर यूला कचरा समजत. मोठी झाडे तोडून झाली, की यू ढिगात घालून जाळून टाकत.

ही मोहीम १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालली. वनस्पतींच्या सुमारे ३५,००० नमुन्यांचे १,१४,००० च्या आसपास अर्क तपासले गेले. त्यांतून रुग्णापर्यंत पोचलेली औषधे बोटांवर मोजण्याइतकीच. परीक्षानळीत कॅन्सरच्या पेशी मारणारे पदार्थ पुष्कळ असतात. ब्लीचनेही त्या मरतात! तेव्हा 'अमुक सालीने प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी मेल्या' अशी बातमी वाचली, की हा आकडा आठवावा.

गोडा मसाला उलटा

१९६४ मध्ये सालीचा अर्क पेशींना मारतो असे दिसले, आणि नमुने नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. मन्रो वॉल ह्यांच्याकडे गेले. आता खरे काम सुरू झाले. ते समजायला गोड्या मसाल्याचे उदाहरण घेऊ.

समजा, कुणी तुम्हाला तयार गोडा मसाला दिला आणि सांगितले, 'ह्यातल्या कुठल्यातरी एकाच पदार्थामुळे मला शिंका येतात, तो शोधून द्या.' पण त्यात काय काय घातले आहे ते सांगितले नाही. मग काय कराल? मसाल्याचे दोन भाग कराल, तेलात उतरणारा आणि पाण्यात उतरणारा. दोन्ही हुंगायला द्याल. ज्याने शिंका आल्या तो भाग ठेवाल, दुसरा बाजूला. राहिलेल्याचे पुन्हा भाग, पुन्हा हुंगणे. असे करत करत एक दिवस हातात चिमूटभर शुद्ध पदार्थ उरेल.

सालीचेही तसेच केले. साल वाळवली, दळली, अल्कोहोलमध्ये भिजवून अर्क काढला. तो पाणी आणि क्लोरोफॉर्म ह्यांच्यामध्ये वाटून घेतला. मग ओळीने लावलेल्या शेकडो काचनळ्यांच्या यंत्रातून पुन्हा पुन्हा फिरवला, म्हणजे प्रत्येक घटक आपापल्या वेगाने पुढे सरकून वेगळा पडतो. प्रत्येक टप्प्यावर मिळालेला प्रत्येक भाग प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या गाठीवर तपासायचा. गाठ ज्याने कमी होईल त्याच्या मागे जायचे. दिसायला सुंदर स्फटिक मिळाले पण गुण नाही, तर ते टाकून द्यायचे. रसायनशास्त्रज्ञाला जड जाणारी ही शिस्त आहे, पण सगळी मदार तिच्यावरच आहे.

अखेर हिशेब काय झाला? वाळलेली १२ किलो साल आत. बाहेर अर्धा ग्रॅम औषध. उतारा ०.००४ टक्के! उरलेल्या जवळजवळ सगळ्या बारा किलोंत टॅनिन, राळ, तंतू, रंग आणि यूमधली इतर विषारी द्रव्येही होती. काढा पिणारा माणूस हे सगळे एकदमच पितो.

नंदुरबार ते नॉर्थ कॅरोलिना

ह्या कामात वॉल ह्यांचे जोडीदार होते डॉ. मनसुख वाणी. जन्म १९२५, नंदुरबार. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर त्यांनी काही वर्षे मुंबईत शिकवले आणि १९५८ मध्ये, तिशी ओलांडल्यावर, अमेरिकेत आले. इंडियाना विद्यापीठातून १९६२ मध्ये पीएच.डी. घेऊन त्याच वर्षी ते वॉल ह्यांच्याकडे रुजू झाले. आपल्यापैकी बहुतेक जण येण्यापूर्वी ही माणसे इथे आली होती, आणि त्या काळी इथे ना मंडळ होते ना कोपऱ्यावर भारतीय किराणा!

औषध शुद्ध मिळाले तरी त्याचा रेणू कसा आहे हे कळेना. कार्बन ४७, हायड्रोजन ५१, नायट्रोजन १ आणि ऑक्सिजन १४, अशा ११३ अणूंची ही गुंतवळ. त्या काळच्या साधनांनी ती अखंड उलगडेना. तेव्हा त्यांनी रेणूचे काळजीपूर्वक दोन तुकडे केले, दोन्हींचे स्फटिक बनवून क्ष-किरणांनी त्यांचे आकार काढले, आणि मग तुकडे कागदावर पुन्हा जोडले. १९७१ मध्ये ही रचना प्रसिद्ध झाली. त्या निबंधावर पहिले नाव वाणींचे आहे.

पाच वर्षे आधी, १९६६ मध्ये, ह्याच दोघांच्या गटाने चीनमधल्या एका झाडातून कॅम्पटोथेसिन नावाचे दुसरे कॅन्सरविरोधी द्रव्य शोधले होते. ह्या दोन्ही शोधांना अमेरिकन केमिकल सोसायटीने २००३ मध्ये ऐतिहासिक रासायनिक शोधांच्या मानाच्या यादीत जागा दिली. वॉल २००२ मध्ये गेले, वाणी २०२० मध्ये. आपल्या मुलांना इथल्या शाळेत 'तुझ्या देशातला एखादा शास्त्रज्ञ' असा प्रकल्प मिळतो, तेव्हा रामन आणि रामानुजन ह्यांच्या जोडीला हे नाव अवश्य सुचवावे.

परांची उतरेना

सगळे खरे, पण इतके कमी औषध देणारी साल घेऊन करायचे काय? रचना कळल्यावरही टॅक्सॉल काही वर्षे मागेच पडले होते. त्याला जीवदान दिले ते न्यूयॉर्कच्या डॉ. सुझन हॉर्विट्झ ह्यांनी. हे औषध नेमके करते काय, हे त्यांच्या प्रयोगशाळेने १९७९ मध्ये दाखवले.

इमारत बांधताना बांबूंची परांची उभारतात आणि काम झाले की उतरवतात. पेशी दुभंगतानाही आत अतिसूक्ष्म नळ्यांची परांची उभी राहते, गुणसूत्रे दोन बाजूंना ओढली जातात आणि परांची मोडते. आधीची काही औषधे परांची उभीच राहू देत नसत. टॅक्सॉलची तऱ्हा उलटी. ते परांची घट्ट बांधून ठेवते, उतरूच देत नाही. पेशी अर्ध्यावर अडकते आणि मरते. कॅन्सरच्या पेशी भराभर दुभंगतात म्हणून त्यांना हा फटका जास्त बसतो. पण केसांच्या मुळांतल्या पेशीही भराभर दुभंगतात, म्हणून केस जातात. मज्जातंतूंनाही ह्या नळ्या लागतात, म्हणून हातापायांना मुंग्या येतात. गुण आणि अवगुण एकाच कारणातून निघतात. ज्याचा गुण खरा, त्याला काही ना काही अवगुण असायचाच. 'अपाय शून्य, गुण शंभर' असे कुणी म्हणाले, की इंजिनियरच्या मनात लगेच शंका येते.

एरंडेल आणि धीर

पुढची अडचण वेगळीच. टॅक्सॉल पाण्यात विरघळत नाही, मग शिरेतून देणार कसे? उपाय निघाला एरंडेलापासून बनवलेल्या एका द्रावकाचा. १९८४ मध्ये माणसांवर चाचण्या सुरू झाल्या आणि काही रुग्णांना इतकी जोराची ॲलर्जी आली, की सगळे गुंडाळायची वेळ आली. संशय द्रावकावर होता. मग औषध सावकाश, काही तास लावून द्यायचे आणि आधी स्टेरॉइड व ॲलर्जीविरोधी औषधे द्यायची, अशी पद्धत बसवली गेली. आमच्या ताईंना प्रत्येक केमोच्या आधी ती 'झोप आणणारी' औषधे का देत, त्याचे कारण हे.

१९८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी निष्कर्ष मांडले. इतर औषधे थकल्यावर उरलेल्या अंडाशयाच्या कॅन्सरच्या रुग्णांत दर दहांपैकी तिघींच्या गाठी लक्षणीय कमी झाल्या. दहांत तीन! आपल्याला हा आकडा किरकोळ वाटेल. पण जिथे काहीच चालत नव्हते तिथे हे फार होते, आणि त्यांनी तो तसाच्या तसा सांगितला. डिसेंबर १९९२ मध्ये औषधाला सरकारी मान्यता मिळाली. १९९४ मध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठीही मिळाली.

मराठीत 'साल' म्हणजे झाडाचे कातडे आणि 'साल' म्हणजे वर्षही. ह्या औषधाला दोन्ही भरपूर लागली. १९६२ ते १९९२, तीस सालं!

सहा झाडे, एक रुग्ण

एका रुग्णाला पूर्ण उपचारासाठी साधारण दोन ग्रॅम औषध लागते. कारखान्यात उतारा सुधारून १०,००० किलो सालीमागे सुमारे एक किलो झाला होता. म्हणजे एका माणसासाठी २० किलो साल, म्हणजेच सुमारे सहा झाडे. यू फार हळू वाढतो. त्या झाडांचे वय शंभर वर्षांच्या घरात, आणि बुंध्याची साल सोलली की झाड मरते. ज्या जुन्या जंगलात यू वाढतो तिथेच ठिपकेवाले घुबड राहते, आणि त्याला १९९० मध्ये संकटग्रस्त ठरवले गेले होते. वर्तमानपत्रांत प्रश्न उभा राहिला, 'घुबड की आई?'

प्रश्नाला उत्तर मिळाले ते कुणाला तरी गप्प बसवून नव्हे, तर रसायनशास्त्राने. फ्रान्समध्ये पिएर पोतिए ह्यांच्या गटाला युरोपातल्या यूच्या पानांत टॅक्सॉलचा अर्धवट तयार सांगाडा सापडला. पाने खुडली तर पुन्हा येतात! फ्लोरिडात रॉबर्ट हॉल्टन ह्यांनी त्या सांगाड्याला उरलेला भाग जोडण्याची कारखान्यात चालेल अशी पद्धत काढली. १९९४ च्या अखेरीस अशा औषधाला मान्यता मिळाली आणि सालीची गरज सरली. पुढे तर यूच्या पेशी मोठ्या टाक्यांत वाढवून औषध काढू लागले. म्हणजे आता झाडच नको!

आपला नरक्या

हेच शहाणपण आपल्याकडे मात्र वेळेवर आले नाही. वाणी आणि वॉल ह्यांना चिनी झाडात सापडलेले कॅम्पटोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या एका झाडातही आहे, हे मुंबईत गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्रातल्या गोविंदाचारी आणि विश्वनाथन ह्यांनी १९७२ मध्ये दाखवले. झाडाचे नाव नरक्या. काही ठिकाणी त्याला अमृता असेही म्हणतात. एकाच झाडाला नरक आणि अमृत ही दोन्ही नावे, ह्याहून समर्पक काय असणार!

१९९६ मध्ये कॅम्पटोथेसिनपासून बनवलेली टोपोटेकान आणि आयरिनोटेकान ही औषधे अमेरिकेत मान्य झाली. कच्च्या मालाला मागणी आली आणि सह्याद्रीत नरक्यावर कुऱ्हाड चालू लागली. कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडून चोरट्या तोडीच्या आणि जप्तीच्या बातम्या येत राहिल्या. झाड तोडणाऱ्याला मिळते मजुरी, आणि औषध बनते दुसऱ्याच देशात. यूच्या बाबतीत इथे जी धडपड झाली, तशी नरक्याची लागवड आणि टाकीतल्या पेशी ह्यांसाठी नेटाने व्हायला हवी. आपल्यापैकी कुणी ह्या क्षेत्रात असेल, तर हे काम खुणावते आहे.

मग काढ्याचे काय?

ताईंनी काय केले, ते सांगतो. त्यांनी काढ्याची पुडी थेट आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांपुढे ठेवली. डॉक्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. केमो चालू असेपर्यंत तेवढा बंद ठेवा, असे म्हणाले. कारण साधे आहे. पॅक्लिटॅक्सेलची विल्हेवाट यकृतातली ठरावीक एन्झाइम्स लावतात. दुसऱ्या एखाद्या वनस्पतीने त्या एन्झाइम्सचा वेग वाढवला किंवा कमी केला, तर औषधाचा डोस आपोआप चुकतो. ही नुसती भीती नाही. इथे सर्रास मिळणाऱ्या सेंट जॉन्स वॉर्ट ह्या वनस्पतीमुळे आयरिनोटेकानच्या क्रियाशील रूपाचे रक्तातले प्रमाण ४२ टक्क्यांनी घटल्याचे २००२ मध्ये दिसून आले.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, १९९४ च्या कायद्याप्रमाणे अमेरिकेत सप्लिमेंट म्हणून विकायच्या मालाला विक्रीपूर्वी गुण सिद्ध करावा लागत नाही. तेव्हा बाटलीवरचे 'नॅचरल' हे प्रमाणपत्र नव्हे. बॉस्टनच्या आसपासच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. दुसरी गोष्ट अगदी घरापुढची. आपल्या अनेक घरांसमोर कापून नीट केलेली, लाल फळांची जी हिरवी झुडपे असतात, ती बरेचदा यूच्याच जातीची असतात. त्यांची पाने आणि बिया चांगल्याच विषारी असतात. लहान मुलांना आणि कुत्र्यांना जपा. आणि कृपा करून 'टॅक्सॉल ह्याच झाडातून येते' म्हणून कुणी त्यांचा काढा करू नका!

अर्जुन, कुडा, नरक्या ह्यांच्या सालींत काहीच नाही असे म्हणणे हा उद्दामपणा होईल, आणि न तपासता सगळे आहे म्हणणे हा आळस. जे असेल ते बाहेर काढायला बारा किलो साल, शेकडो नळ्या आणि तीस वर्षे धीर धरणारी माणसे लागतात. तसा एक माणूस नंदुरबारहून इथे आला होता. ताईंची शेवटची केमो झाली त्या दिवशी मी त्यांना त्याचे नाव सांगितले. त्यांनी ते आपल्या वहीत औषधांच्या यादीखाली लिहून ठेवले आहे.